तिला खाली उतरवा

माझी बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि ती नाक्यावर हात जोडून उभी होती.

मी दूध आणायला निघालो होतो. रिक्षा स्टँडच्या वर दोन खांबांना नवा कोरा बॅनर बांधलेला, सुतळीची टोकं अजून लोंबत होती. मध्ये आमच्या वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या बाईंचा फोटो, दरवाज्याएवढा. बाजूला तिरंगा. खाली मोठ्या अक्षरात, समाजसेवेबद्दल दिल्लीत राष्ट्रीय सन्मान मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आणि त्याच्याही खाली शुभेच्छुकांची रांग. आमच्या घाटकोपरात ही रांग नसेल तर बॅनरला कोणी बॅनर म्हणत नाही. रांगेत हॉटेलवाला होता, गॉगल लावलेला मंडळाचा अध्यक्ष होता, आणि दोघांच्या मध्ये माझी बायको.

मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षराला अक्षर लावून वाचतो. म्हणून परत एकदा वाचलं. शुभेच्छुकच लिहिलं होतं. मेलेली बाई जिवंत बाईचं अभिनंदन करत होती आणि खाली रिक्षावाले तंबाखू मळत होते.

दूध राहिलं. मी तिथेच उभा राहिलो. एक ओळखीचा रिक्षावाला म्हणाला, "काय काका, फेमस झाली काकी."

मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती काय करायची ते सांगतो, कारण बॅनरवर ते नव्हतं. ती मेलेल्या बायकांना आंघोळ घालायची. आमची वस्ती डोंगराच्या उतारावर, खोलीला खोली चिकटलेली. पुरुष गेला तर चार पुरुष पुढे येतात. बाई गेली की घरच्या बायकांनी घालायची, असा रिवाज. पण घरचं कोणी नसेल, किंवा बाई टीबीने गेली असेल, भाजून गेली असेल, तर सगळ्यांना एकदम कामं आठवतात. आमच्या शेजारची अशीच टीबीने गेली, आणि तिच्या दोन्ही जावा नाकाला पदर लावून बाहेर उभ्या. ही भात टाकत होती. स्टो बंद केला, हात पुसले आणि आत गेली. मला म्हणाली, "पाणी तापव. कढत नको, जिवंत माणसाक घेतंत तसा."

तेव्हापासून ते तिचंच काम झालं. सगळ्या पुरुषांना बाहेर काढायची, मलासुद्धा. दोन बायकांना दारात जुनं लुगडं धरायला लावायची, पाठ आत करून. मी बाहेर बंबापाशी. आतून तिचा आवाज यायचा. ती मेलेल्या बाईशी बोलायची. "हात दी गे. वायच थांब हां. केस धुतंय तुझे, डोळे मीट." डोळे मिटलेल्या बाईला डोळे मीट म्हणायची. मी एकदा म्हटलं, "मेलेल्याक काय कळता?"

"तिका नाय कळणा," ती म्हणाली. "पण माका कळता मा."

आणि या कामाचं बक्षीस काय मिळालं? संक्रांतीला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन घरोघरी जायच्या आणि आमच्या दारावरून सरळ पुढे. मेलेल्यांना हात लावते, हिला कुंकू कसं लावायचं! ज्यांच्या सासवांना हिने न्हाऊ घातलं त्यासुद्धा. ही दारात उभी राहून त्यांच्या साड्या बघायची आणि मला सांगायची, निळी चांगली आहे. मला शिव्या सुचायच्या. हिला साड्या दिसायच्या.

संस्थेच्या बाई नंतर आल्या. रेल्वेच्या पूर्वेच्या बाजूला राहतात, मोठं शिक्षण, नवरा मोठ्या हुद्द्यावर होता. आधी बालवाडी काढली, मग शववाहिनी आणली. त्यांनी काही केलं नाही असं मी म्हणत नाही. गाडी आली. दाखल्यासाठी हॉस्पिटलात आम्ही ताटकळायचो ते एका फोनवर व्हायला लागलं. हिला त्यांनी रबरी हातमोजे दिले, खोकं भरून. हिने ते कधी घातले नाहीत. म्हणायची, मोजे घालून न्हाऊ घातलं तर परकं वाटतं. पुढे बाई भाषणं करायला लागल्या, पेपरात यायला लागल्या. गरीब बायकांच्या शेवटच्या सन्मानासाठी झटणाऱ्या. हिला त्याचं काही नव्हतं. मला होतं. अजून आहे.

तर त्या दिवशी मी दूध न घेताच संस्थेच्या ऑफिसात गेलो. तिथला कार्यकर्ता फुगे मोजत होता. रविवारी बाईंचा सत्कार, मंत्री येणार.

"माझ्या बायकोचा फोटो कोणी लावला?"

"अरे काका, या ना. छान आलाय ना?"

"ती मेली."

"हो ना. फार वाईट झालं."

"तुला माहीत आहे ना ती मेली? तू गाडीबरोबर आला होतास."

मग त्याला कळलं. डोक्याला हात लावला त्याने. "काका, सॉरी. गेल्या वर्षी संस्थेच्या वाढदिवसाला हॉलच्या आत लावायला बॅनर केला होता, तीच फाईल पोराने पुढे पाठवली. वरचा फोटो बदलला, खालची रांग तशीच राहिली."

"काढ."

"काका, पूर्ण बॅनर उतरवावा लागेल. आमदार साहेबांनी दिलाय तो. साहेबांचा पण फोटो आहे त्यात." थोडा विचार करून तो म्हणाला, "असं करू, आपण 'कै.' लावू. स्टिकर मिळतो. हार पण मिळतो रेडिमेड, फोटोभोवती चिकटवायचा. एकदम व्यवस्थित दिसेल."

"मग शुभेच्छा कुठून देते ती? वरून?"

त्याला हसू आलं, त्याने ते दाबलं. "सोमवारी सगळेच निघतात ओ काका. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे."

दोन-चार दिवसांचा प्रश्न नव्हता. सोमवारी बॅनर निघतो आणि मंगळवारी कोणाच्या तरी छपरावर जातो. आमच्या वस्तीत फ्लेक्सला मरण नाही. पत्रा गळतो तिथे टाकतात, वर टायर ठेवतात. मोरीला पडदा करतात. मच्छीवाली खाली अंथरते. आमच्या समोरच्या छपरावर गेल्या निवडणुकीचा उमेदवार उताणा पडलाय, कबुतरांनी त्याचं तोंड पांढरं केलंय. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ही कोणाच्या मोरीचा पडदा व्हायला नको. दुसऱ्या बायकांची अब्रू झाकायला जन्मभर दारात लुगडं धरायला लावलं हिने. मला ती खाली हवी होती, आणि माझ्या हातात हवी होती.

घरी येताना गल्लीत समोरची भेटली. निळी साडीवाली म्हणा.

"आजोबा, नशीबवान हो आजी. अहेव गेली, कुंकू घेऊन गेली, आणि आता बॅनरवर पण आली."

हे अहेव गेली, अहेव गेली मी आठ महिने ऐकतोय. नवऱ्याच्या आधी मेली म्हणून भाग्य. कोणी मागितलं होतं हे भाग्य? सकाळी उठून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो, ते भाग्य?

"तुझ्या हळदीकुंकवाला मात्र कधी आली नाही ती," मी म्हटलं.

"तुम्ही अजून ते धरून बसलात?"

"हो. तिने नाही धरलं, मी धरलंय."

ती "म्हातारा फिरलाय" म्हणत आत गेली. ऐकू येईल असंच म्हणाली.

लेकीला फोन केला. लेक दहिसरला असते, नवऱ्याची नोकरी तिकडे. मला वाटलं ती तरी भडकेल. तर तिला आधीच माहीत होतं. कोणीतरी बॅनरचा फोटो पाठवला होता तिला मोबाइलवर.

"राहू दे ना बाबा," ती म्हणाली. "कधी लागला होता का आईचा फोटो असा नाक्यावर? बाईंचे लागले, त्यांच्या कार्यकर्त्याचेही लागले. चुकून का होईना, तिचा लागला."

"शुभेच्छुक म्हणून लागलाय."

"वाचतं कोण? लोक तोंड बघतात." मग म्हणाली, "तो फोटो कधीचा आहे ठाऊक आहे तुम्हाला? संस्थेच्या हळदीकुंकवाचा. बाईंनी आईला स्टेजवर बोलावलं आणि सगळ्यांच्या आधी तिला कुंकू लावलं. आई हात जोडून उभी होती. तुम्ही आला नव्हतात."

मला हे माहीत नव्हतं. हिने मला एवढंच सांगितलं होतं की वाण म्हणून स्टीलचा डबा दिला.

"मी जाणार आहे रविवारी सत्काराला," लेक म्हणाली.

"जा. माझं काय जातंय?"

"तुम्ही पण चला."

"वर्ष सरलेलं नाही तिचं. घरात गोड केलं नाही अजून. आणि मी टाळ्या वाजवायला जाऊ?"

तिने फोन ठेवला. माझ्यावर गेली आहे ती.

शनिवारी संध्याकाळी बाई स्वतः आल्या. डोंगर चढून आल्या, धापा टाकत, मागे तो कार्यकर्ता. खाटेवर बसवलं. पाणी दिलं. चहा विचारला नाही.

"भाऊ, मुलांकडून मोठी चूक झाली. मला आजच कळलं."

"कळलं ना? मग उतरवणार कधी?"

"उद्या तुम्ही कार्यक्रमाला या. त्यांच्या नावाने शाल-श्रीफळ द्यायचं आमच्या मनात आहे. आणि मी भाषणात सांगणार आहे, हा सन्मान मी त्यांच्यासारख्या स्त्रियांना अर्पण करते."

"तिच्यासारख्या कोण?"

"म्हणजे..."

"नावं सांगा. तिच्यासारख्या कोण आहेत? ती गेल्यावर इथे दोन बायका गेल्या. एकीला हॉस्पिटलातून बांधूनच आणली, तशीच नेली. दुसरीवर दारातून तांब्याभर पाणी शिंपडलं. कोण होतं तिच्यासारखं?"

कार्यकर्ता म्हणाला, "काका, बाई एवढ्या वर आल्यात तुमच्यासाठी..."

"तू गप्प बस," बाई त्याला म्हणाल्या. तेवढं मला आवडलं.

मग मीच बोललो. आठ महिने कोणी विचारलं नव्हतं. "तिला आंघोळ कोणी घातली, माहीत आहे?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. "मी तेव्हा मुलीकडे होते, परदेशात. फोनवर कळलं मला."

"होतात. मी कुठे म्हणतोय इथे असायला हवं होतं?"

ती सकाळी गेली, बसल्या जागी, लसूण सोलताना. गल्ली भरली. बायका रडल्या, खोटं नाही बोलणार, जोरात रडल्या. पण आत जायची वेळ आली तेव्हा एकमेकींकडे बघायला लागल्या. तू जा, तू मोठी, माझी कंबर धरलीय, मला बीपी आहे. लेक दहिसरहून निघालेली, हायवेला अडकलेली. म्हातारी माणसं म्हणत होती, ऊन वाढतंय, उरका. मी बंब पेटवला. पाणी तापलं. कोणी उठलं नाही. मग मी बादली उचलली आणि आत जाऊन कडी लावली.

बायकोला नवऱ्याने घालायची रीत नाही आमच्यात. बाहेरून एकजण दार ठोकत होता, अरे काय करतोस, लोक काय म्हणतील. मी सगळं ऐकून ऐकून शिकलो होतो, तिच्याच आवाजात. फक्त बोलायचं कसं ते जमेना. ती परक्या बायकांशी एवढं बोलायची. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पाणी ओतलं, साबण लावला, केस धुतले. तिचे केस एवढे पातळ झाले होते हे मला तेव्हा कळलं.

एवढं सगळं मी बाईंना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "मी घातली."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. खरं होतं की कसं, मला माहीत नाही. मग म्हणाल्या, "काय करू सांगा."

"तिला खाली उतरवा. आणि तो तुकडा मला आणून द्या. कोणाच्या छपरावर जायला नको."

"उद्या सकाळी," त्या कार्यकर्त्याला म्हणाल्या. "ऐकलंस?"

"हो बाई."

ते डोंगर उतरून गेले. मला झोप बरी लागली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवला मी.

सकाळी नाक्यावर गेलो. बॅनर जागच्या जागी. फक्त हिच्या नावाआधी पांढरी पट्टी चिकटवली होती, 'कै.' आणि फोटोभोवती झेंडूचा छापील हार, एका बाजूने सुटलेला. आता रीतसर मेलेली बाई शुभेच्छा देत होती.

मी केबलवाल्याच्या दुकानात गेलो. तो आमच्याच गल्लीतला, त्याच्याकडे बांबूची शिडी असते. त्याच्या आईलाही हिनेच न्हाऊ घातलं होतं. मी ते काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. फक्त म्हणाला, "तुम्ही चढू नका, मरायचं आहे काय? मी चढतो. सुरी आहे माझ्याकडे."

तो चढला, मी शिडी धरली. रिक्षावाले जमा झाले. कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कोणी म्हणालं अरे, म्हाताऱ्याची बायको आहे ती. केबलवाल्याने सुरी घातली तेवढ्यात कार्यकर्ता धावत आला, नवा झब्बा घालून.

"ए, काय करतोय? खाली उतर! काका, तुम्हाला अक्कल आहे की नाही? मंत्री याच रस्त्याने येणार!"

"येऊ दे."

"केस करीन तुमच्यावर!"

"कर. लिहून घे, मेलेल्या बायकोला पळवून नेली."

रिक्षावाले हसले. त्याने शिडीला हात घातला. मी त्याचा हात धरला. माझ्या हातात आता जोर नाही, पण मी सोडला नाही. झब्ब्याची बाही टर्रकन उसवली. "अरे यार!" तो रडकुंडीला आला. "आजच शिवून आणला!"

तेवढ्यात बाईंची गाडी आली. त्या सत्काराला निघाल्या होत्या, पैठणी नेसून, केसात गजरा. गाडी थांबवून उतरल्या. वर बघितलं. 'कै.' बघितलं, हार बघितला. कार्यकर्त्याकडे वळल्या.

"मी काय सांगितलं होतं?"

"बाई, साहेब म्हणाले बॅनर काढायचा नाही, म्हणून मी मधला मार्ग..."

"कापू दे त्यांना," बाई म्हणाल्या.

केबलवाल्याने चौकोन कापला. हॉटेलवाल्याचा कान गेला त्यात, त्याला इलाज नव्हता. तुकडा खाली आला तो बाईंच्या पायाशी पडला. त्यांनी वाकून उचलला, पदराने पुसला, 'कै.'ची पट्टी नखाने सोलली. आणि दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "भाऊ, हा मला द्याल? संस्थेत लावीन. नीट लावीन, नाव लिहून, काय काम केलं ते लिहून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी द्यावं असंच सगळ्यांना वाटत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसल्या. राग आला होता त्यांना, तोंडावरून कळत होतं. येऊ दे. दिल्लीचं पदक गळ्यात पडलं म्हणून माझ्या घरचं माणूस मागायचा हक्क मिळत नाही. मंत्री नंतर त्या रस्त्याने गेले. बॅनरला भोक होतं आणि भोकातून मागचं मिठाईचं दुकान दिसत होतं.

संध्याकाळी लेक आली, सत्काराहून सरळ. हातात काही नव्हतं. शाल देत होते, तिने घेतली नाही म्हणे. वर्ष सरलेलं नाही, असं स्टेजवर सांगितलं. ती पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली.

"बाईंनी आईचं नाव घेतलं," म्हणाली.

"बरं."

"पहिलंच घेतलं. मंत्र्यांच्याही आधी."

"लोक काय करत होते?"

"टाळ्या वाजवल्या. रडत पण होत्या बायका, आपल्या गल्लीतल्या."

"रडतील. रडायला काय लागतं?"

मग मी तुकडा काढून खाली अंथरला. खोलीत तो फार मोठा वाटत होता, पाटाएवढं तोंड. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो. हार अर्धा चिकटलेला होता, लेकीने तो काढायला घेतला, हळूहळू, खालचा रंग निघू नये म्हणून.

"आई अशी हसायची नाही," ती म्हणाली.

"हसायची. तू लग्न होऊन गेलीस, तुला काय माहीत?"

"तुम्ही तरी कधी बघितलंत तिच्याकडे?"

"बघितलं," मी म्हटलं.

हार निघाला. तिने त्याचा बोळा करून बाहेर टाकला.

"याचं करायचं काय आता?" तिने विचारलं. "जाळला तर वास मारेल. खाडीत सोडला तर तरंगत राहील. मी नेऊ दहिसरला? फ्रेम करून घेते."

"नाही."

"बाईंना नाही, मला नाही. मग काय करणार?"

"काही करायचं नाही. राहील इथेच. घरातलीच आहे ती." मी तो गुंडाळायला घेतला, तोंड आतल्या बाजूला. "आणि कोणी विचारायला आलं तर सांग, ती गेली. आणि ती कोणालाही शुभेच्छा देत नाही."